मीठ उडत नाही

डेअरीत दुधाच्या रांगेत उभा राहिलो की माझं लक्ष दुधावर नसतं. काउंटरवरचा मुलगा कॅनमध्ये काचेची नळी सोडतो, नळी दोनदा वरखाली होते आणि एका आकड्यावर थांबते. तो आकडा बघून मुलगा मान हलवतो, नाहीतर समोरच्या गवळ्याकडे बघून हसतो. मला मात्र खरात सर आठवतात, आणि घरी पोचेपर्यंत माझं तोंड उतरलेलं असतं. दूध आणायला गेलेला माणूस असा सुतकी चेहरा करून का परत येतो, हे विचारणं बायकोनं केव्हाच सोडून दिलंय.

त्या नळीला लॅक्टोमीटर म्हणतात. दुधात पाणी घातलेलं असलं की ती खोल बुडते आणि गवळ्याचं बिंग फुटतं. ही नळी समुद्र मोजायला वापरणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असावा. तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता, आणि त्याच्यापायी माझ्या वाट्याचं नळाचं पाणी कमी पडायचं. त्यामुळे पहिले काही महिने मला त्याचा रागच होता, हे आधी सांगून टाकतो.

सत्तरच्या दशकातली ती मधली वर्षं. नव्या जालन्यात एका वकिलांच्या घरामागे दोन बिऱ्हाडं होती, एक माझं, एक खरात सरांचं. अंगणात दोघांत मिळून एक नळ, त्याला पाणी एक दिवसाआड, तेही करंगळीएवढ्या धारेचं. एकाच कॉलेजात मी इतिहास शिकवायचो, ते प्राणिशास्त्र. उंच, वाळकी देहयष्टी, पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेनं आणि त्यांच्या शेजारी एक लांब चिमटा. मंठ्याजवळच्या एका खेड्यातले. त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस तेच. खोलीत बुद्धाची एक तसबीर होती आणि बाकी सगळीकडे बरण्या, बाटल्या, रबरी नळ्या.

समजावून सांगणं हा त्यांचा रोग होता. न्हावी दाढी करताना सहज म्हणाला, आज लई उकडतंय, तर त्याला घामाच्या ग्रंथी कळेपर्यंत सुटका नसायची. वस्तरा हवेत आणि गालावरचा साबण वाळलेला. पोस्टमन त्यांचं पत्र माझ्या दारातून टाकून पळायचा. प्राचार्यांनी एकदा मीटिंगमध्ये, 'थोडक्यात सांगा' म्हटलं, तर थोडक्यात सांगितल्यानं काय नुकसान होतं हे सरांनी पाऊण तास सांगितलं. पण राग यायचा नाही. त्यांच्या बोलण्यात शहाणपणा मिरवणं नव्हतं, समोरच्याला कळावं अशी कळकळ होती. आपल्याला एवढं उशिरा आणि एवढ्या कष्टानं कळलं, ते दुसऱ्याला फुकटात मिळावं, असं काहीसं.

दुसरी खोड म्हणजे मोजणं, पण ती मी येण्याआधीची, मला ऐकूनच माहीत. प्राणिशास्त्र विभागाच्या कात्र्या, चिमटे, सुया, सगळं ते संध्याकाळी मोजून कपाटात ठेवायचे. एक टाचणी कमी भरली तर पोरांना घरी सोडायचे नाहीत. ती ऐकीव गोष्ट काढून मी चेष्टा केली, तेव्हा म्हणाले, 'तुमच्या हातून हरवलं तर हरवलं म्हनतील, पाठक सर. माझ्या हातून हरवलं तर काय म्हनतील, ते मला ठाव हाय.' मी पुढं चेष्टा केली नाही.

आणि पाणी ते कधी वरून ओतत नसत. पाहुण्याच्या पेल्यात ओतायचं असलं तरी तांब्या पेल्याच्या काठाला टेकवायचा आणि सावकाश कलता करायचा. मी एकदा विचारलं. लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांची आई घागर घेऊन बसून राहायची, कुणाला दया आली की तो वरून तिच्या घागरीत पाणी टाकायचा, निम्मं तिच्या अंगावर सांडायचं. 'मला ते वरून पडनारं पानी बघवत न्हाई,' एवढंच ते बोलले. या गोष्टीचं स्पष्टीकरण पुढं आलं नाही. जिथं फार दुखतं तिथं हा बोलका माणूस गप्प होतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं, पण आलं ते फार नंतर.

आता टाकीचं सांगतो. त्यांच्या बाहेरच्या खोलीत, उन्हापासून लांब, तीन बाजूंनी ओली पोती गुंडाळलेली एक काचेची टाकी होती. तिच्यात समुद्राचं पाणी, तळाला वाळू, दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड केलेला एक खेकडा, आणि मधोमध एका काळ्या दगडावर समुद्रफूल. फूल नावालाच, तो प्राणी असतो. जाड बुटका देठ आणि वर तांबूस पाकळ्यांसारखे शेकडो बारीक हात, पाण्यात हळूहळू हलणारे. धक्का लागला की सगळे हात आत ओढून उकडलेल्या बटाट्यासारखा गोळा होऊन बसायचं. सुरुवातीला पोवळ्याचा एक जिवंत तुकडाही होता म्हणे. तो पहिल्याच उन्हाळ्यात गेला आणि पांढराफटक होऊन कोपऱ्यात पडला होता. फूल मात्र जगलं. समुद्रापासून इतक्या लांब, बेचाळीस डिग्रीच्या जालन्यात, चार वर्षं जगलं.

ते जगवणं हा एक संसार होता. नळाच्या पाण्यात नगरपालिका ब्लीचिंग पावडर टाकते. माणसाला ते बरं, पण या फुलाला विष. म्हणून आलेलं पाणी आधी पसरट ड्रमात दोन दिवस उघडं ठेवायचं, मधून मधून काठीनं ढवळायचं. मग उरलंसुरलं ब्लीचिंग मारायला फोटो स्टुडिओतून आणलेल्या हायपोचे, म्हणजे फोटो धुवायच्या खड्यांचे, दोन-चार कण टाकायचे. मग मला हाक. 'तुम्ही तंबाखू खात न्हाई, तुमचं नाक साफ हाय. वास येऊन राह्यला का बघा.' मी नाक खुपसून नाही म्हटलं, तरी त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास नसायचा. त्या पाण्याचा एक पेला भरून त्यात गप्पी मासा सोडायचा आणि संध्याकाळपर्यंत तो मजेत दिसला, तर पाणी पास. राजाच्या जेवणाआधी चाखणारे असायचे, हे मी वर्गात शिकवत होतो. चाखणारा मासा मी त्यांच्याकडेच पाहिला.

लाइट गेली की टाकीतली हवा बंद. त्यासाठी ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब सायकलच्या दुकानातून फुगवून आणलेली असायची. दवाखान्यातल्या सलाइनची नळी तिला जोडून ते हवा बुडबुड्याबुडबुड्यानं आत सोडायचे. खरात वहिनी म्हणायच्या, आमच्या घरात पेशंट काचेत आहे आणि आम्ही सगळे नातेवाईक.

राहिलं मीठ. कॉलेजातलं घनता मोजायचं यंत्र एका विद्यार्थ्यानं फोडलं होतं आणि नवं मंजूर होत नव्हतं. तेव्हा सरांना दूध संकलन केंद्रावरची नळी सुचली. टाकीच्या पाण्यात ती पंचवीसवर थांबली की समुद्र बरोबर. चांगलं दूध याच्या वर भरतं. म्हणजे या नळीच्या हिशेबानं समुद्र हे पाणी घातलेलं दूध होतं, आणि यावर सर एकटेच खुदकन हसायचे.

टाकीच्या काचेवर ऑइलपेंटची एक लाल रेघ होती. उन्हाळ्यात पाणी रोज दोन बोटं खाली जायचं. एकदा मीच शहाणपणा केला. म्हटलं, खारं पाणी कमी झालं तर तुम्ही त्यात गोडं कसं घालता? थोडं मीठ नको का? त्यांना तेवढंच पाहिजे होतं. मला स्टुलावर बसवून म्हणाले, 'मीठ उडत न्हाई, पाठक सर. उडतं ते पानी. मीठ हाय तिथंच राह्यतं. वरून आनखी टाकलं तर त्याच्या जिवाला लागंल.' हे वाक्य त्यांनी माझ्याआधी दूधवाल्याला, लाइनमनला, घरमालक वकिलांना आणि वकिलांच्या पक्षकारांना सांगून झालेलं होतं. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते पाठ होतं.

हा सगळा उपद्व्याप कशासाठी, हे मला जालन्यात आल्यावर लवकरच कळलं, कारण कॉलेजात ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त कुणी बोलत नव्हतं.

मी रुजू होण्याच्या आदल्या हिवाळ्यात सर बी.एस्सी.च्या पोरांना घेऊन कोकणात गेले होते, किनाऱ्यावरचे प्राणी गोळा करायला. पोरांपैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. सरांनीही नव्हता. भरती-ओहोटी त्यांनी पुस्तकात वाचलेली, फळ्यावर चंद्र-सूर्य काढून शिकवलेली. पण प्रत्यक्षात पाणी दूरवर मागे हटलेलं आणि मैलभर खडक उघडे पडलेले पाहिल्यावर त्यांना आपल्याकडचंच वाटलं. आपल्याकडे कुंडलिका नदीचं पाणी एकदा उतरलं की उतरलं, पुढच्या पावसापर्यंत ते माघारी येत नाही. ढग नाही, पाऊस नाही, तर पाणी येणार कुठून? पोरं त्या खडकांवर आपल्या नदीच्या पात्रात फिरावीत तशी निवांत फिरली. पाणी पुढून येत नाही, आधी खडकांच्या मधल्या घळीतून मागच्या बाजूनं भरतं, हे तिथल्या कोळ्याच्या पोरालाही ठाऊक असतं. यांना कोण सांगणार?

हनीफ नावाचा मुलगा होता, जुन्या जालन्यातला. हुशार, बडबड्या, सरांचा लाडका. त्यानं छिन्नीनं दगडाचा तुकडा फोडला आणि त्याच्यावर बसलेल्या समुद्रफुलासकट बरणीत घालून आणला. सगळे परत वाळूवर जमले होते. सरांनी बरणी हातात घेतली, फूल बघून खूश झाले, आणि सवयीनं हत्यारं मोजली. एक कमी. 'छिन्नी कुठं हाय?' त्यांनी विचारलं. हनीफ म्हणाला, 'अभी लाया, सर,' आणि पळत परत गेला.

दुसऱ्या दिवशी तो सापडला. जालना फार लांब, म्हणून तिथल्याच कब्रस्तानात त्याला दफन केलं. पोरं परत आली. चौकशी झाली, भरतीचा अंदाज आला नाही एवढंच सगळ्यांनी सांगितलं. छिन्नीचं नाव एकाही पोरानं घेतलं नाही. सरांना वाचवायचं असं त्यांनी आपापसात ठरवलं होतं की काय, कोण जाणे. त्यानंतर सहली बंद झाल्या. आणि सरांनी हत्यारं मोजणं सोडलं. विभागातल्या कात्र्या भराभर गायब व्हायला लागल्या आणि त्यांनी कधी 'कुठं गेली' म्हणून विचारलं नाही.

हनीफच्या आईचं नाव रहमतबी. नवरा आधीच गेलेला, एकुलता एक मुलगा. जुन्या जालन्यात एका बोळात राहून ती डबे करून द्यायची. तिच्या हातच्या सालनाचं, म्हणजे रश्श्याचं, नाव होतं. चमचा न लावता, नुसत्या वासावरून मीठ किती पडलं ते सांगते म्हणायचे. सर परतल्यावर तिच्या घरी गेले आणि समुद्र चढला, एवढंच सांगून आले. पुढं तिला कुणी तरी सांगितलं की तुझ्या मुलानं काढलेलं काही तरी सरांच्या घरी जिवंत आहे. ती बघायला आली. हे हनीफनं काढलं का, म्हणून विचारलं. सर हो म्हणाले. जिवंत आहे का, विचारलं. त्यालाही हो म्हणाले. ती खाली बसली आणि काचेकडे बघत राहिली.

तेव्हापासून दर जुम्म्याला, दुपारचे डबे आटोपून, नदीवरचा पूल ओलांडून ती यायची. वहिनी तिला चहा द्यायच्या. बुटक्या स्टुलावर बसून ती फुलाकडे बघायची. ते उमललेलं असलं तर 'आज खुला है' म्हणून तिचा चेहरा उजळायचा, मिटलेलं असलं तर 'सो रहा है' म्हणायची. यापलीकडे फारसं बोलणं नाही. अर्ध्या तासानं पदर सावरून उठायची.

आणि सर? जालन्यातल्या सगळ्यांना सगळं समजावणारा हा माणूस तिच्यासमोर मुका व्हायचा. हे फूल काय खातं, कसं श्वास घेतं, पाण्याचं काय करावं लागतं, यातलं एक अक्षर त्यांनी तिला कधी सांगितलं नाही. दाराला टेकून उभे राहायचे, नजर खाली. ती गेली की टाकीत नळी सोडून बघायचे. पंचवीस. मग कुठं त्यांचा जीव भांड्यात पडायचा. मला तेव्हाच दिसत होतं की त्या काचेच्या आत एका प्राण्याचा जीव नव्हता. ते फूल होतं म्हणून रहमतबी येत होती, आणि ती येत होती म्हणून सर उभे राहू शकत होते. ते गेलं असतं तर दोघांमध्ये उरली असती ती फक्त छिन्नी.

या चार वर्षांत हसण्यासारखंही घडलं. टाकीचं पाणी जुनं झालं की थोडं बदलावं लागे. जालन्याची मोसंबी मुंबईला जायची, त्या ट्रकच्या एका ड्रायव्हरला सरांनी गाठलं होतं. येताना तो प्लास्टिकच्या कॅनमधून समुद्राचं पाणी आणायचा. एकदा त्यानं कॅन आणून ठेवले, सरांनी नळी सोडली, तर ती बारावर. सरांनी त्याच्याकडे बघितलं. वाटेत एक कॅन गळला होता, आणि याला वाटलं, पाण्यात पाणी, काय कळतंय. घाटातल्या नळावर त्यानं सगळे कॅन सारखे करून टाकले होते. दुधात पाणी घालताना पकडला गेलेला गवळी जसा दिसतो अगदी तसा तो दिसत होता. सर रागावले नाहीत. त्याला बसवून चहा पाजला आणि समुद्र खारा कसा झाला इथपासून सुरुवात केली. संध्याकाळी तो माझ्या दाराशी येऊन म्हणाला, 'साहेब, मी पुढच्या खेपेला दुप्पट आनून देतो, पर त्यांना सांगा, आता बस करा.'

मग तो उन्हाळा आला. सरांना विद्यापीठात पेपर तपासायला बोलावणं आलं. आधीची वर्षं त्यांनी काही तरी कारण सांगून टाळलं होतं, या वेळी प्राचार्यांनी सक्ती केली. वहिनी मुलींना घेऊन वडीगोद्रीला माहेरी गेलेल्या. मी बहिणीकडे नाशिकला निघालेलो. सरांची घालमेल चालली होती. जुम्म्याला रहमतबी आली आणि तिच्या कानावर हे गेलं, तेव्हा ती आपणहून म्हणाली, 'मैं देखूंगी.'

मी तिथं होतो. सरांनी किल्ली तिच्या हातात दिली, लाल रेघ दाखवली, झाकलेले ड्रम दाखवले. 'रोज इथपर्यंत पानी टाकायचं. सावकाश,' म्हणाले. ती मान डोलावून हौ म्हणाली. सर आणखी काही तरी सांगायला गेले, तोंड उघडलं, तिच्याकडे बघितलं आणि मिटलं. गप्पी मासा, नाक, हायपो, काही नाही. मला वाटलं, बरं झालं, बाईला उगीच कशाला घोळात घ्या.

मी नाशिकहून परतलो त्याच दुपारी सर आले होते. त्यांच्या दाराशी चपला दिसल्या म्हणून डोकावलो. रहमतबी स्टुलावर बसलेली. उन्हातून रोज दोन वेळा पूल ओलांडून तिचा चेहरा रापला होता, पण त्यावर समाधान होतं. पोती ओलीचिंब, काच लख्ख पुसलेली, पाणी बरोबर लाल रेघेला. फूल मिटलेलं होतं. सरांच्या खांद्यावर अजून पिशवी होती आणि ते टाकीत नळी सोडत होते.

'एक दिन खाडा नहीं करी, सर,' ती सांगत होती. 'लकीर तक पानी, और उसके साथ मुठ्ठी मुठ्ठी नमक. पानी डाले तो फीका होता ना. सालन में पानी बढाए तो नमक भी बढाना पडता.'

नळी वरखाली झाली आणि थांबली. एरवी पंचवीसच्या पुढचेच आकडे पाण्याखाली असायचे. आज सगळे आकडे वर आले होते आणि त्यांच्या खालची कोरी काच दिसत होती.

ती म्हणाली, 'बराबर है ना, सर?'

सर नळीकडे बघत होते. त्यांनी ती अलगद बाहेर काढली, शर्टाच्या टोकाला पुसली.

'बराबर है,' ते म्हणाले. 'बिलकुल बराबर.'

ती गेल्यावर ते अंगणात नळाच्या कट्ट्यावर येऊन बसले. मी शेजारी बसलो. मग म्हणाले, 'मी सांगितलंच न्हाई, पाठक सर. साऱ्या गावाला सांगत फिरलो. तिला न्हाई सांगितलं. पोरान्ला बी सांगितलं नव्हतं, का हे पानी परत येतं म्हनून. सांगायचं तिथंच माझं तोंड गेल्तं.' मी काही तरी बोलायला गेलो, म्हणजे तुमचा काय दोष वगैरे. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. मला त्या वेळी त्यांची दया आली नाही. भीती वाटली. इतका रिकामा चेहरा मी आधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी जमेल ते केलं. एकदम गोडं पाणी ओतलं तरी तो जीव जातो, म्हणून पेलाभर खारं काढायचं, पेलाभर गोडं टाकायचं, पेला पाण्याला टेकवून, सावकाश. कॉलेजात गेले नाहीत, धड जेवले नाहीत. नळी हळूहळू खाली आली. त्या आठवड्यात गावात गॅस्ट्रोची साथ होती, नळाच्या पाण्याला ब्लीचिंगचा असा वास की माणसालाही ठसका लागावा. ते पाणी आणखी दोन दिवस उघडं ठेवायला वेळ कुठून आणायचा? नाक खुपसून मी 'अजून वास आहे' म्हणत राहिलो आणि ते ढवळत राहिले. नळी अखेर पंचवीसवर आली. फूल उमललं नाही. एका सकाळी ते दगडावरून सुटून वाळूवर पडलेलं होतं. चार वर्षांत त्यानं तो दगड एकदाही सोडला नव्हता.

कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं की फॉर्मलिनच्या बरणीत ठेवा, विभागाला नमुना होईल. सरांना मी तेव्हा एकदाच चिडलेलं पाहिलं.

जुम्म्याला रहमतबी आली. सर म्हणाले, ऊन फार होतं या वर्षी, उन्हानं गेलं. ती मोकळ्या दगडाकडे बघत राहिली. रडली नाही. उठताना मात्र म्हणाली, 'मेरेकू वहां ले चलो, सर. हनीफ के पास.' चार वर्षांत हे तिनं मागितलं नव्हतं आणि सरांनी स्वतःहून म्हणायचं धाडस केलं नव्हतं.

मी त्यांना सोडायला एस.टी. स्टँडवर गेलो. सकाळची पुण्याची गाडी, तिथून पुढं कोकण. सरांजवळ कपड्यांची पिशवी आणि झाकणाची एक दुधाची किटली होती. किटलीत टाकीतलं पाणी, पाण्यात हनीफचा दगड. सर रांगेत तिकिटं काढायला गेले. रहमतबी किटली दोन्ही पायांमध्ये धरून बाकावर बसली होती. मी तिच्या शेजारी अवघडून उभा.

'नमक से मरा वो,' ती अचानक म्हणाली. माझ्याकडे न बघता. 'सर ने नली छोडी तब मैं उनका मुंह देखी. तभीच समझ गई.'

सरांना सांगितलंत का, म्हणून मी विचारलं.

'नको,' ती म्हणाली. 'वो मेरे वास्ते छुपाए. तुम भी मत बोलो उनकू.' मग किटलीचं झाकण घट्ट करत, 'हनीफ का भी कुछ है उनके दिल में. चार साल से है. मैं पूछी नहीं. पूछती तो वो मर जाते.'

तेवढ्यात सर तिकिटं घेऊन आले. गाडी लागली होती. तिला खिडकीची जागा पाहिजे का, म्हणून त्यांनी विचारलं, ती हौ म्हणाली. दोघं चढली. सरांनी मला खिडकीतून हात केला नाही, त्यांचं लक्ष किटलीकडे होतं.

मला जूनमध्ये दुसऱ्या गावी बदली मिळाली आणि ते परतण्याआधीच मी जालना सोडलं. तिथं समुद्राकाठी सरांनी तिला छिन्नीचं सांगितलं का, की तसेच दोघं एकमेकांना सांभाळत परत आले, हे मला कधी कळलं नाही. पत्र लिहून विचारण्याची माझी छाती झाली नाही.

मला शेवटचे दिसले ते असे. गाडी स्टँडच्या खड्ड्यातून हिसका देत बाहेर पडली. सरांनी मांडीवरची किटली दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि रहमतबीनं झाकण उडू नये म्हणून त्यावर आपला हात ठेवला होता.